डिंकाच्या लेपाचा तक्ता

२ फेब्रुवारी

माझे नाव या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस लिहिलेले आहे. येथे पुन्हा लिहीत नाही. वय चौपन्न. शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी. मेणाच्या एका कारखान्यात एकवीस वर्षे नोंदी व गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच असल्यामुळे प्रमुखपदाविषयी आजवर वाद उद्भवलेला नाही. कारखाना माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाचा आहे. आम्ही राहतो त्या तीन खोल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर असून त्याही त्यांच्याच आहेत.

वही सुरू करण्याचे प्रयोजन असे. आजवर येथे मेणबत्त्या आणि फरशीचे पॉलिश होत असे. दोन्हींची मागणी आटली. आता मेहुणे उन्हापासून त्वचेचे रक्षण करणारा लेप काढणार आहेत. त्यात मधमाश्यांचे मेण, जस्ताची भुकटी आणि मुख्य म्हणजे मधमाश्यांचा डिंक आहे. झाडांच्या कळ्यांवरचा चीक गोळा करून माश्या पोळ्याच्या फटी बुजवतात, तोच हा डिंक. लेप निर्धोक असल्याच्या दाखल्यावर परवाना कार्यालयात नोंदलेली एकच सही चालते आणि ती माझी आहे. मी काय पाहून सही केली हे नंतर कोणी विचारल्यास उत्तर लेखी असावे.

दुसरे कारण घरचे आहे. पत्नीला सहा वर्षांपासून ऊन सोसत नाही. पाच मिनिटांच्या उन्हाने अंगावर चट्टे उठतात आणि ताप भरतो. नऊ ते पाच बाहेर पडायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आमच्या खोल्या उत्तरेकडच्या आहेत, तरीही प्रत्येक तावदानाला मी स्वतः मोजून तपकिरी कागद लावला आहे. मेहुणे परवा तिला म्हणाले, "ताई, उन्हाळ्याच्या आत तुला खालच्या बागेत नेऊन बसवतो की नाही बघ."

ती म्हणाली, "बसव. पण बाकाला तुझं पॉलिश लावू नकोस, मागच्या वेळी एक माणूस चिकटला होता."

६ फेब्रुवारी

प्रयोगशाळेतल्या बाईंनी आकडे दिले. बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर असून आमच्याकडे चार वर्षे आहेत. आमच्या यंत्रावर डिंकाशिवाय लेपाचा संरक्षण-आकडा सोळा आला, डिंकासह तेवीस. मी अभिनंदन केले.

त्या म्हणाल्या, "साहेब, हा प्लास्टिकच्या पट्टीवर लेप फासून काढलेला आकडा आहे. पट्टीला खाज सुटत नाही."

हा विनोद असावा.

माणसांवरील चाचणी आजपासून सुरू केली. पॅकिंग विभागातील बारा जणी, चौदा दिवस, चेहरा, मान आणि दोन्ही हात. तक्ता मी आखला. बारा ओळी, चौदा रकाने, शेवटी शेरा. नियम वर ठळक लिहिला: चौदाही दिवसांच्या सह्या असतील तीच नोंद पूर्ण समजावी, अपूर्ण नोंद निष्कर्षात धरू नये. हिशेबाच्या वहीत अर्धी पावती कोणी धरत नाही, तसेच हे.

१२ फेब्रुवारी

ट्यूबांना झाकणे लावणारी बाई सकाळी टेबलापाशी आली.

"साहेब, उद्यापासून मी नाही लावणार."

"कारण?"

"खाज येते."

"आज सातवा दिवस. चौदा पूर्ण करा, म्हणजे शेऱ्यात रीतसर लिहिता येईल."

"चौदा दिवसांनी लिहायला हात तरी शिल्लक पाहिजे ना!"

मागच्या सगळ्या हसल्या. मी नियम समजावून सांगितला. तिने ऐकले नाही. तिच्या ओळीवर पट्टी धरून लाल शाईने रेघ मारली.

१५ फेब्रुवारी

आणखी एक जण गळाली. हिने कारण सांगितले नाही. मानेभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली होती. सर्दी झाली असावी. लाल रेघ.

१९ फेब्रुवारी

चाचणी संपली. पूर्ण नोंदी दहा. तक्रार नोंदलेल्या शून्य. "दहापैकी दहा," असे मेहुण्यांना कळवले. त्यांनी मला सर्वांदेखत मिठी मारली, ती मला आवडली नाही आणि आवडलीही. एका मोठ्या दुकान-साखळीने चार हजार ट्यूबांची मागणी तोंडी कबूल केली आहे. दाखला सतरा मार्चपर्यंत द्यायचा आहे.

संध्याकाळी पहिली ट्यूब घरी आणली. पत्नीने झाकण उघडून वास घेतला.

"लाकडाच्या वखारीत उभं राहिल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. मग बराच वेळ वास घेत राहिली.

२१ फेब्रुवारी

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पत्नी जिना उतरून उन्हात गेली.

लेप चमच्याने मोजून मीच लावला: चेहरा व मान मिळून एक, प्रत्येक हाताला एक. ती फाटकापर्यंत गेली, थांबली, रस्ता ओलांडला. मी घड्याळ लावून मागे चाललो होतो. पंधरा मिनिटे झाल्यावर परत फिरण्यास सांगितले.

"अहो, लोकांच्या सावल्या किती छोट्या झाल्यात," ती म्हणाली.

सकाळी दहाला सावली लहानच असते, हे मी सांगितले. सहा वर्षे तिने फक्त संध्याकाळच्या सावल्या पाहिल्या आहेत, हे घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले.

चट्टे नाहीत. ताप नाही.

२४ फेब्रुवारी

वीस मिनिटे. चट्टे नाहीत. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः सुई-दोरा घेतला. दुकानदाराने ओळखले नाही. "नवीन राहायला आलात का?" असे त्याने विचारले. "हो, वरच्या मजल्यावर," ती म्हणाली. घरी येऊन तिने हे तीन वेळा सांगितले.

२८ फेब्रुवारी

पापण्या आणि हनुवटीखाली लाली. चट्ट्यांसारखी नाही, बारीक, खरबरीत. ताप नाही. माझे अनुमान: लेपाचा थर पातळ पडला आणि ऊन आत शिरले. मात्रा दीडपट केली.

२ मार्च

लाली वाढली. मात्रा दुप्पट केली असून तूर्त बाहेर जाणे बंद. कागदाच्या एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढे भोक सापडले; ते बुजवले. खिडक्या बंद असल्या तरी घरात असताना लेप लावूनच ठेवावा, म्हणजे असे चुकार ऊन बाधणार नाही, असे ठरवले. ती काही बोलली नाही. ती सहसा काहीतरी बोलते.

५ मार्च

डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली लाली आहे. पट्ट्याखाली ऊन जाऊ शकत नाही. हे विसंगत आहे. कारण शोधावे.

उजव्या हाताच्या दोन बोटांनाही. त्याच बोटांनी ती डोळ्यांखाली लेप पसरवते.

मात्रा तीच ठेवली.

७ मार्च

मेहुणे जेवायला आले. ताईचा सुजलेला चेहरा पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

"उन्हाचं आहे," पत्नी लगेच म्हणाली. "हौसेनं जास्त फिरले. हे रागावलेच आहेत."

मेहुणे मोकळे झाले आणि दुकानवाल्यांना ऐकवलेली गोष्ट आम्हालाही ऐकवली. पोळ्यात उंदीर शिरला तर माश्या त्याला डंख मारून मारतात. पण ओढून बाहेर टाकण्याएवढी ताकद त्यांच्यात नसते. मग त्या त्याला सगळीकडून डिंकाने लिंपून टाकतात. वर्षभर राहिला तरी कुजत नाही, वास नाही. "एवढं राखणारी वस्तू आहे भावोजी! कातडी राखणार नाही?"

पत्नीने विचारले, "उंदराला काय वाटत असेल?"

"अगं, तो मेलेला असतो."

"हां. मग ठीक आहे."

मेहुणे खूप हसले. मीही हसलो. ती ताटे उचलून आत गेली.

९ मार्च

प्रयोगशाळेतल्या बाईंना घड्याळाच्या पट्ट्याची विसंगती सांगितली. केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून सांगितली. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली.

"साहेब, वहिनी अंधारात बसल्या तरी खाज येते का?"

"रात्रीच जास्त येते, असे म्हणते."

"मग उन्हाचा काय संबंध? डिंक काही जणांच्या अंगाला चालत नाही. पहिले काही दिवस काही होत नाही, मग शरीर त्याच्यावर उठतं. तुम्ही लेप वाढवत गेलात?"

"मोजून."

मी खिशातले पेन काढून पुन्हा खिशात ठेवले.

त्यांनी तीन चिकटपट्ट्या तयार करून दिल्या: क-मेण, ख-जस्त, ग-डिंक. पाठीवर लावायच्या, दोन दिवस पाणी लागू द्यायचे नाही, लेप पूर्ण बंद. तुलनेसाठी माझ्याही पाठीवर तिन्ही लावून घेतल्या. मी पत्नीच्या पाठीवर आणि तिने माझ्या. तेहतीस वर्षांच्या संसारात असा प्रसंग आला नव्हता.

"तुम्हाला काहीच होणार नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुमच्यावर शाईसुद्धा चढत नाही."

११ मार्च

निकाल.

माझी पाठ: क, ख, ग – काही नाही.

पत्नीची पाठ: क – काही नाही. ख – काही नाही. ग – चौकोन जसाच्या तसा लाल, उंचावलेला, पाण्याचे बारीक फोड. कडा इतक्या सरळ की पट्टीने आखल्यासारख्या.

मी तिला अपाय होईल असा लेप दहा दिवस वाढत्या मात्रेने लावला. हे वाक्य दोनदा लिहून पाहिले. दुसरे कोणते होत नाही.

दुपारी झाकणेवाल्या बाईला बोलावले. हात दाखवण्याची विनंती केली. तिने बाही वर केली. महिना होत आला तरी कातडी जाड आणि काळसर आहे.

"तुम्ही लिहिलं नव्हतं ना साहेब," ती म्हणाली, रागाने नव्हे. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल कशाला लिहायचं नाही ते."

ओढणीवालीलाही विचारले. तिला सर्दी नव्हती.

दहापैकी दहा हा आकडा खरा आहे. प्रत्येक सही खरी आहे. बारापैकी दोघींना अपाय झाला आणि माझ्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती, कारण ज्यांना अपाय झाला त्याच चौदा दिवस पुरे करू शकल्या नाहीत. हे सातव्या दिवशीच एखाद्या शाळकरी मुलीच्याही ध्यानात आले असते. मी पट्टी सरळ धरण्यात गुंतलो होतो.

१२ मार्च

पत्नीला सर्व सांगितले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. घरात बसून लावला की खाजतं, मग ऊन कुठून आलं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ट्यूब कुलपात ठेवली असती." मग म्हणाली, "आणि बाहेर जाणं बंद झालं नव्हतं. तुम्ही खाली कामावर गेलात की मी जात होते. रोज. पाठीमागच्या जिन्यानं. त्या नऊ तारखेपर्यंत."

मी खुर्चीवर बसलो.

"उन्हाचे चट्टे एकदाही उठले नाहीत, अहो. ते काम लेपानं केलं. खाज मला चालते. खाज ही काय गोष्ट आहे? सहा वर्षं मी तुमच्या कागदाकडे बघत बसलेय. त्यावरच्या सगळ्या रेघा मला पाठ आहेत."

डोळे सुजून मिटतील, श्वासही अडकू शकेल, असे बाई म्हणाल्या होत्या, ते सांगितले. ती म्हणाली, "सांगून झालं?"

सतरा तारखेला पाच दिवस आहेत.

१४ मार्च

मेहुण्यांच्या कार्यालयात पाऊण तास. बाईंनी मार्ग सुचवला होता: डिंक काढून टाकावा; मेण आणि जस्त ठेवावे; आकडा सोळा.

"सोळा तर कोणीही देतो भावोजी. डिंक काढला तर आपल्याकडे उरलं काय? पॉलिश?"

दुसरा मार्ग मी मांडला: ट्यूबच्या दर्शनी बाजूला ठळक इशारा, आणि दाखल्यात बाराही जणींचा निकाल.

"मागच्या बाजूला बारीक लिहू. दर्शनी बाजूला 'अंगावर फोड येतील' असं छापून कोण विकतं?"

"मग मला सही करता येणार नाही."

ते रागावतील असे वाटले होते. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

"सही बदलायची तर कार्यालयाला तीन महिने लागतात. तोवर उन्हाळा गेला. मेणबत्तीवर हा पसारा किती दिवस चालेल, तुमच्याहून जास्त कोणाला माहीत? वरच्या खोल्यांबद्दल मी कधी बोललो?"

"नाही."

"बोलणारही नाही. पण खालचंच गेलं, तर वरचं कशावर उभं राहील? ताईला घेऊन कुठे जाणार? भाड्याच्या घराची खिडकी कोणत्या दिशेला असते, ते तुम्ही ठरवणार का?" त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ताईसाठीच केलं ना हे मी. तिला विचारा. ती काय म्हणते ते सांगा मला."

ती काय म्हणेल ते मला माहीत होते. म्हणून विचारले नाही.

१५ मार्च

खाली उतरण्याचे दोन जिने आहेत. दोन्ही कारखान्याच्या फाटकापाशीच निघतात. आज हे प्रथम जाणवले.

वाहतूक कंपनीत कारकुनाची जागा आहे असे ऐकले. चौकशी केली. वय विचारून त्यांनी पाणी दिले.

१६ मार्च

नवा तक्ता आखला. बारा ओळी. खोडलेल्या दोघींकडे जाऊन त्यांच्या शब्दांत शेरे लिहून घेतले. झाकणेवालीने विचारले, "आता चौदा दिवस नाही लागत?" नाही लागत, असे सांगितले.

मग खाली आणखी एक ओळ आखली.

तक्ता आणि पेन पत्नीपुढे ठेवले. तिने सगळ्या ओळी वाचल्या. मग रिकाम्या ओळीवर बोट ठेवले. बोटांची साल अजून निघते आहे.

"ही माझी?"

"हो."

"यात सही केली की लेप गेला."

"हा लेप गेला."

"आणि मी आत."

खोटे बोलण्याची इच्छा झाली. दुसरा लेप निघेल, सोळाच्या आकड्यातही पाच-सात मिनिटे मिळतील, असे काहीतरी. ते कदाचित खरेही असेल. पण त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता.

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही दाखल्यावर सही करणार नाहीच, मग इथे मी का करायची? त्याच्या विरुद्ध? माझ्या भावाच्या?"

"तू करू नकोस. बाकीच्या बाराच पुरतील. ओळ मी काढून टाकतो."

मी हात पुढे केला. तिने तक्ता स्वतःकडे ओढला.

"थांबा हो. खोडायची घाई तुम्हाला फार."

१७ मार्च

सकाळी नऊ वाजता तक्ता आणि माझे पत्र मेहुण्यांच्या टेबलावर ठेवले. पत्रात लिहिले की प्रस्तुत लेपाच्या दाखल्यावर मी सही करत नाही आणि तक्त्याची एक प्रत परवाना कार्यालयास रवाना केली आहे.

त्यांनी पत्र वाचले. मग तक्ता. शेवटच्या ओळीवर थांबले. ताईचे अक्षर त्यांनी लहानपणी पाटीवर गिरवले होते, असे ती सांगते. त्यांनी विचारले, "तिनं स्वतः लिहिलं?"

"हो."

"जा तुम्ही," ते म्हणाले. खोल्यांविषयी ते काही बोलले नाहीत. केव्हा बोलतील ते सांगता येत नाही. दुपारी मिश्रणाची भट्टी बंद झाली आणि आमच्या फरशीला खालून येणारी ऊब गेली.

वर आलो तेव्हा पत्नी खिडकीशी बसून कागदाकडे तोंड करून सुईत दोरा ओवत होती. मी विचारले, कागद एका बाजूने बोटभर कापू का. उत्तरेचाच उजेड आहे, ऊन पोचत नाही, कडेला बसलीस तर चालेल, डॉक्टरांना विचारून घेऊ.

"आधी विचारा," ती म्हणाली. "मग मोजून कापा."

कारखान्याच्या कोणत्याही कागदावर माझा शब्द पुढे धरला जाईल याची खात्री नाही. म्हणून तेराव्या ओळीची नक्कल या वहीत करून ठेवतो. लेप लावल्याचे दिवस: सतरा. अपाय: पापण्या, हनुवटी, मान, मनगट, बोटे, खाज, सूज, फोड. शेऱ्याच्या रकान्यात फक्त अपायाविषयी लिहावे, असा नियम आहे. तिने तेथे लिहिले आहे: "सतरा दिवस मी दुपारच्या उन्हात हिंडले. तेही मांडा."

मांडले आहे.

(सही)
नोंदी व गुणवत्ता विभाग
वरचा मजला, उत्तरेकडील खोली
१७ मार्च